मुक्या सोबत्यांची दुखणी

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाने माणसाळवलेल्या प्राण्यांत कुत्र्याचा क्रमांक पहिला लागतो. गाय, बैल, घोडा हे सारे नंतरचे. शिकारीवर पोट भरणाऱ्या माणसाच्या शेकोटीजवळ जो प्रथम येऊन बसला तो कुत्रा. मांजर आले ते शेती सुरू झाल्यावर. कोठारात धान्य साठले, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग मांजर आले. तेव्हापासून हे दोघे आपल्या उंबऱ्याशी आहेत. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान असतात. खंडोबाच्या तसबिरीत घोड्याबरोबर कुत्रा धावताना दिसतो. धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही आपल्याबरोबरच्या कुत्र्याला सोडले नाही. कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो.

परंतु तसबिरीतल्या कुत्र्याला हात जोडणारे आपण, लूत लागलेला कुत्रा दारात आला की दगड उचलतो. त्याला काय झाले आहे, ते आपल्याला लागेल काय, त्यावर उपाय आहे काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच, की या प्रश्नांची उत्तरे साध्या भाषेत आपणा सर्वांसमोर ठेवावीत.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. पशुवैद्यक हा माझा विषय नव्हे. या विषयाकडे मी वळले ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरामुळे. शिबिरात एक दिवस कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्याचा कार्यक्रम होता आणि माझ्याकडे नोंदवहीचे काम होते. मालकाचे नाव, कुत्र्याचे नाव, रंग, वय आणि शेवटचा रकाना, ‘यापूर्वी लस दिली आहे काय?’ मोती, वाघ्या, राजा, खंड्या अशी नावे लिहीत गेले आणि शेवटच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला ‘नाही’ असेच लिहावे लागले. एक आजी आपला कुत्रा दोरीने ओढत आणताना म्हणाल्या, “पोरी, माणसांच्या दवाखान्याला जायला वेळ नाही, अन् तुम्ही कुत्र्याला सुई टोचायला निघाला.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण कुत्र्याची ती एक सुई माणसांचा दवाखाना कसा टाळते, हे शिबिराला आलेल्या पशुवैद्यकांनी त्यांना समजावून सांगितले. त्यानंतर ग्रंथालयातील पुस्तके चाळली, डॉक्टरांना पुन्हा जाऊन भेटले, शंका विचारल्या. त्यातून जे समजले ते येथे देत आहे. औषधांची मात्रा मात्र मी मुद्दामच दिलेली नाही. ते काम डॉक्टरांचे.

दुखणे ओळखावे कसे?

मुक्या जनावराला बोलता येत नाही, हे खरे. पण त्याचे शरीर बोलत असते. नेहमी हाकेसरशी येणारा कुत्रा कोपऱ्यात पडून राहिला, अन्नाला तोंड लावीना, उलटी किंवा जुलाब करू लागला, डोळ्यांतून-नाकातून घट्ट स्राव वाहू लागला, तर ती दुखण्याची खूण समजावी. हिरड्या नेहमी गुलाबी असतात. त्या पांढुरक्या दिसल्या तर अंगातले रक्त कमी झाले आहे, पिवळ्या दिसल्या तर कावीळ असावी, असे अनुमान निघते.

नाक कोरडे म्हणजे ताप, अशी एक समजूत आहे. ती भरवशाची नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचेही नाक कोरडे असते. कुत्र्या-मांजरांच्या अंगाची उष्णताही आपल्याहून मुळातच अधिक, साधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे नुसता हात लावून ताप ठरविणे हे फसवे आहे.

पिल्लांचे दोन वैरी

‘पिल्ले जगत नाहीत हो’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते, जणू ते त्यांच्या नशिबातच असते. वस्तुतः पिल्ले दगावतात त्यामागे बहुधा ठरावीक रोग असतात, आणि त्यांतील दोन प्रमुख रोगांवर लस आहे.

पहिला रोग पार्व्हो. हा तसा नवा आहे. १९७८ च्या सुमारास तो प्रथम लक्षात आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. याचा विषाणू मांजरांतील एका जुन्या विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे. दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना तो अधिक गाठतो. पिल्लू मलूल होते, सारख्या उलट्या करते आणि रक्तमिश्रित, अतिशय दुर्गंधीयुक्त जुलाब होऊ लागतात. शरीरातले पाणी इतके झपाट्याने जाते की दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. वेळेवर सलाईन मिळाले तर मात्र पुष्कळ पिल्ले वाचतात. ‘उद्या पाहू’ हा शब्द या रोगात उपयोगाचा नाही.

दुसरा रोग डिस्टेंपर. याचा विषाणू माणसाचा गोवर आणि गुरांची बुळकांडी यांच्या कुळातला आहे. बुळकांडीने एके काळी गोठेच्या गोठे रिकामे केले. लसीकरणाच्या जोरावर २०११ साली ती पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. तिचा हा भाऊबंद मात्र अजून फिरतो आहे. आरंभी ताप येतो, डोळ्यांना चिपडे येतात, नाक वाहते, खोकला होतो. पुढे पायांचे तळवे कडक होतात. शेवटी रोग मेंदूत शिरला म्हणजे पाय किंवा जबडा लयीत उडू लागतो, झटके येतात. अशा कुत्र्याला ‘पिसाळला’ म्हणून मारल्याचीही उदाहरणे घडतात. दोन्ही रोगांत फरक असला तरी तो नुसत्या डोळ्यांनी ठरविणे धोक्याचे. तेव्हा अशा कुत्र्यापासून दूर राहून डॉक्टरांना बोलावणे हेच शहाणपणाचे. हा रोग कुत्र्यांपुरताच थांबत नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात थोड्या दिवसांत वीसहून अधिक सिंह मरण पावले, तेव्हा त्यांतील काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू आढळला.

या दोन विषाणूंतील एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. डिस्टेंपरच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबणाने ते आवरण विरघळते आणि विषाणू मरतो. पार्व्होच्या विषाणूला असे आवरणच नाही. म्हणून साबणाला तो दाद देत नाही आणि मातीत, गोणपाटात महिनोन् महिने टिकून राहतो. त्यासाठी ब्लीचिंगचे पाणी लागते. एक पिल्लू दगावल्यावर त्याच गोणपाटावर दुसरे आणून ठेवले की तेही दगावते. लोक त्याला जागेचा दोष म्हणतात. दोष जागेचाच असतो, पण बाहेरबाधेचा नव्हे, विषाणूचा.

या दोन्ही रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत थोड्या थोड्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. एकदा टोचून का भागत नाही? कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेतो ती लसीलाही दाबून टाकते. ती केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून लस पुन्हा पुन्हा द्यायची.

गोचीड, लूत आणि जंत

विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत, गोचीड दिसते. तरीही तिच्याकडे दुर्लक्ष होते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली ती दडून बसते. ती रक्त पिते एवढाच तिचा अपराध नाही. पिताना ती एर्लिकिया, बबेसिया अशा सूक्ष्म जीवांना कुत्र्याच्या रक्तात सोडते. मग ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. यालाच ‘गोचीडताप’ म्हणतात. वेळीच रक्त तपासले तर यावर औषध आहे. गोचीड मात्र नुसती कुत्र्याच्या अंगावरची काढून भागत नाही. ती भिंतीच्या भेगांत अंडी घालते. तेव्हा बसण्याची जागाही स्वच्छ करावी लागते.

लूत होते ती एका अतिसूक्ष्म किड्यामुळे. तो कातडीत बोगदे करून राहतो. कुत्रा खाजवून खाजवून रक्तबंबाळ होतो, केस झडतात, कातडी जाड होते. माणसाला होणारी खरूज याच जातीच्या किड्याची. कुत्र्याची लूत माणसाच्या अंगावरही काही दिवस खाज उठविते. यावर आपल्याकडे रॉकेल, डिझेल किंवा गाडीचे जळके तेल चोपडण्याची पद्धत आहे. कुत्रा ते चाटतो, ते पोटात जाते, कातडीही भाजते. रोगापेक्षा उपाय जड होतो. डॉक्टरांकडे लुतेवर खात्रीची औषधे आहेत आणि महिना-दोन महिन्यांत त्याच कुत्र्याच्या अंगावर पुन्हा केस येतात.

उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि दिवसभरात त्यांतून अळ्या निघतात. जखमेत किडे पडलेला कुत्रा ओरडत फिरताना आपण पाहतो. येथेही फिनेल ओतू नये. जखम धुऊन, किडे काढून तिच्यावर औषध लावले की ती बरी होते.

जंतांविषयी एकच गोष्ट सांगते. पोट फुगलेले पिल्लू ‘गुटगुटीत’ समजून लोक आनंदाने घरी नेतात. पुष्कळदा ते पोट जंतांचे असते. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, म्हणून जंताचे औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून द्यावे लागते. या जंतांची अंडी मातीत पडतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातावाटे त्यांच्या पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. तेव्हा कुत्र्याला दिलेले जंताचे औषध हे अर्धे आपल्या पोरांनाच दिलेले असते.

पावसाळ्यातील आणखी एक रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याचे पुष्कळ रुग्ण आढळले होते. तो कुत्र्यांनाही होतो. त्यांचे यकृत आणि मूत्रपिंड त्याने निकामी होतात.

मांजराची गोष्ट निराळी

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. त्याच्या शरीराची घडण वेगळी आणि दुखणे लपविण्याची सवयही वेगळी. आजारी मांजर माळ्यावर, कणगीमागे जाऊन बसते. दोन-तीन दिवस त्याने काही खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते. तेव्हा ‘कुठे तरी उंदीर खाल्ला असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये.

पार्व्होचा जो नातेवाईक वर सांगितला, तो मांजरांना होतो. त्यातही उलट्या, जुलाब आणि पिल्लांचा झटपट मृत्यू. शिंका, वाहणारे नाक, चिकटलेले डोळे ही मांजरांच्या सर्दी-पडशाची लक्षणे. लहान पिल्लांचे डोळे त्यात कायमचे जाऊ शकतात. या रोगांनाही लस आहे. बोका वारंवार लघवीला बसतो, ओरडतो आणि थेंबही होत नाही, असे दिसले तर त्याचा मूत्रमार्ग तुंबला आहे असे समजावे. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, कारण एक-दोन दिवसांत तो दगावतो. मांजराच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते बहुधा गजकर्ण असते आणि ते मुलांना लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषधांविषयी. आपल्या घरातील तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. ती पचवून बाहेर टाकणारी यंत्रणा त्याच्या यकृतात पुरेशी नसते. एका गोळीनेही मांजर मरते. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरील परमेथ्रिनयुक्त औषधही मांजराला घातक ठरते. कांदा-लसूण घातलेले कालवण कुत्रा-मांजर दोघांनाही वाईट. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मांजराला दूध आवडते खरे, पण पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि हगवण लागते.

रेबीज

आता ज्या रोगासाठी मी मुख्यतः लेखणी उचलली त्याकडे वळते.

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून तो स्नायूत शिरतो, तेथून मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश मेंदूकडे चढतो. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षही. मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागली की मग जवळजवळ कोणीही वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात. त्यांतील बहुतेक आशिया व आफ्रिकेतील आहेत आणि सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले आहेत. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यामुळे होतो.

मी सातवीत असताना आमच्या आळीतल्या एका मुलाच्या पोटरीला पिल्लाने दात लावला. खरचटल्यासारखी जखम होती. घरच्यांनी चुना लावला आणि शेजारगावच्या एका झाडपाला देणाऱ्याकडून औषध आणले. ‘तीन दिवस तेल-मीठ बंद, मग भीती नाही,’ असे त्याने सांगितले. जखम आठवड्यात भरली. दोन महिन्यांनी पाण्याचा पेला पुढे केला की मुलगा किंचाळू लागला. चौथ्या दिवशी तो गेला. त्याच्या आईवडिलांचे त्याच्यावर प्रेम कमी नव्हते. त्यांना जे ठाऊक होते ते सर्व त्यांनी केले. ठाऊक नव्हते ते फक्त दोन गोष्टींचे महत्त्व, साबण आणि लस.

रेबीजचा विषाणू हा स्निग्ध आवरण असलेल्यांपैकी. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे हा पहिला उपचार होय. चुना, मिरचीपूड, हळद यांनी विषाणू मरत नाही. उलट जखम चिघळते. धुऊन झाल्यावर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दंडात घ्यावयाची लस पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची फेरी नसते. रक्त आलेल्या जखमेत याखेरीज तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही भरावे लागते, कारण लसीचा परिणाम होण्यास काही दिवस जातात. सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत मिळते. मांजराच्या चाव्यालाही हाच नियम लागू आहे.

पुष्कळ लोक दवाखान्यात जात नाहीत ते ‘पोटात चौदा इंजेक्शने’ घेण्याच्या भीतीने. ही भीती उगीच नव्हती. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. भारतात कसौली येथे १९०० साली पाश्चर संस्था निघाली. तेथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली आणि तीच आपल्याकडे अनेक दशके पोटात टोचली जात असे. ती दुखे आणि क्वचित तिचे दुष्परिणामही होत. परंतु ती लस आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली. आजची लस वेगळी, सुरक्षित आणि दंडात घ्यावयाची आहे. लस गेली, पण तिची भीती मात्र आजीकडून नातीकडे आली आहे.

आणखी काही गैरसमज. ‘पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो’ हे खरे नाही. पाण्याला घाबरतो तो रेबीज झालेला माणूस. कुत्र्याचा घसा लुळा पडल्याने त्याला गिळता येत नाही, एवढेच. रेबीजचा प्रत्येक कुत्रा धावून चावतोच असेही नाही. एक प्रकार मूक असतो. त्यात कुत्रा गप्प बसतो, जबडा लोंबतो, लाळ गळते. ‘घशात हाड अडकले’ समजून लोक त्याच्या तोंडात हात घालतात! भाद्रपदात कुत्री पिसाळतात हाही समज चुकीचा. तो त्यांच्या मीलनाचा काळ; भांडणे आणि म्हणून चावे वाढतात. रोगाला महिना नाही.

‘कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा’ हे आपण ऐकतो. त्यामागील कारण असे, की लक्षणांच्या काही दिवस आधीच विषाणू लाळेत उतरतो आणि लक्षणे दिसल्यावर कुत्रा दहा दिवसांच्या आत मरतो. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. पण ही दहा दिवसांची वाट लस सुरू करून पाहावयाची, लस न घेता नव्हे.

आणि शेवटी, कुत्रे मारून हा रोग हटत नाही. मारलेल्यांच्या जागी दुसरी कुत्री येतात, आणि तीही लस न टोचलेली. सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते. गोव्यात राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी गावोगावी कुत्र्यांना लस दिली, शाळांतून मुलांना माहिती दिली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही आणि २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. शेजारच्या राज्याला जे साधले ते आपल्याला अशक्य का असावे?

समारोप

वरील सर्व रोगांकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. महागडे उपचार लागतात ते दुखणे वाढल्यावर. ते टाळण्यासाठी लागते ती वेळेवर लस, जंताचे औषध, स्वच्छ जागा आणि थोडी माहिती. यांपैकी माहिती ही आपल्यासारख्यांच्या हातची गोष्ट आहे. आमच्या घरात औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचता येणारी मी पहिलीच. आपल्या महाविद्यालयात असे पुष्कळ जण असतील. कथा-कवितांबरोबर त्या बाटलीवरचा कागदही आपण घरी वाचून दाखवावा. सुटीत गावी जाल तेव्हा आपल्या आणि शेजारच्या कुत्र्याला रेबीजची लस केव्हा टोचली, एवढे विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले, तर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना फार दूर नसतो.